पिवळ्या रंगाचें मोल

कांहीं दिवसांपूर्वीं मी माझ्या नातीबरोबर भरतकामाचे रेशीमधागे आणण्यासाठीं बाजारांत गेलों होतों. तिला शेवंतीचें एक फूल भरावयाचें होतें. "पिवळा धागा द्या," असें मीं म्हणतांच दुकानदारानें विचारलें, "कोणता पिवळा, गुरुजी?" आणि माझ्या उत्तराची वाट न पाहतां त्यानें दहा-अकरा रिळें माझ्यापुढें मांडलीं. हळदी, लिंबू, केतकी, सोनचाफी, गंधकी, आमरसी, केशरी, बदामी अशीं नांवें तो घेत होता. नातीनें क्षणभरांत एक रीळ उचललें. मी मात्र घरीं येईपर्यंत त्या नांवांचाच विचार करीत होतों.

या नांवांत एक गंमत आहे. यांतील एकही नांव मुळांत रंगाचें नाहीं. हळद, लिंबू, केतकी, गंधक, आंबा, केशर हे सर्व पदार्थ आहेत. छटा सांगावयाची झाली म्हणजे आपण पदार्थाकडे बोट दाखवितों. आणि हें स्वाभाविकच आहे. कारण गेल्या दोन शतकांत रसायनशाळेंतून रंग येऊं लागेपर्यंत रंग म्हणजे मातींतून खणलेली, झाडावरून तोडलेली किंवा प्राण्यापासून मिळविलेली एखादी वस्तु असे. त्या वस्तूमागें कोणाचे तरी कष्ट असत आणि तिची कोणाला तरी किंमत द्यावी लागे. पिवळ्या रंगाच्या छटांची ती किंमत कोणीं दिली, हें पाहणें हाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम शब्दांकडे वळूं. 'पिवळा' हा शब्द संस्कृतांतील 'पीत' या शब्दाच्या कुळांतला असून तो प्राकृतांतून आपल्याकडे आला. 'पितळ' हा त्याचाच भाऊबंद. हळद म्हणजे हरिद्रा आणि हरताळ म्हणजे हरिताल. या दोहोंच्या मुळाशीं असलेला 'हरि' हा शब्द जुन्या काळीं पिवळा आणि हिरवा या दोन्ही रंगांना लागत असे. म्हणूनच त्याच घराण्यांतला 'हरित' शब्द हिरव्याकडे गेला आणि 'हरिद्रा' पिवळ्याकडे राहिली. फारसी भाषेंत पिवळ्याला 'जर्द' म्हणतात. तेव्हां आपण 'पिवळाजर्द' म्हणतों त्या वेळीं पिवळा हा शब्द दोन भाषांतून दोनदां उच्चारतों. जर्दाळूंतही तोच जर्द दडलेला आहे.

सर्वांत जुना पिवळा रंग मातीचा. लोखंडाचा अंश व पाणी यांच्या संयोगानें पिवळी झालेली माती जगांत बहुतेक सर्वत्र सांपडते. अजिंठ्याच्या लेण्यांत चितारांनीं हीच वापरली. ही माती भाजली असतां तिच्यांतील पाणी निघून जातें व ती तांबडी होते. म्हणजे एकाच टोपलीतून दोन रंग मिळतात. ती उन्हानें उडत नाहीं, चुन्यानें बिघडत नाहीं आणि कोणालाही अपाय करीत नाहीं. परंतु तिच्या अंगीं चकाकी नाहीं. ती नम्र आहे, मळकट आहे. माणसाला याहून झगझगीत पिवळा हवा होता, आणि येथूनच खरी कथा सुरू होते.

असा झगझगीत पिवळा हरताळांत मिळाला. हरताळ म्हणजे गंधक व सोमल यांचा खनिज संयोग. त्याचा रंग सोन्यासारखा, पण जात विषाची. माझ्या वडिलांच्या संग्रहीं जुन्या हस्तलिखित पोथ्यांचें एक बासन होतें. त्यांतील एका पोथींत मधूनमधून ओळीवर पिवळे पट्टे दिसत. लहानपणीं मला ती शोभा वाटे. वडिलांनीं सांगितलें कीं, ती लेखकाची चूक आहे. चुकलेल्या अक्षरांवर हरताळ फासून तीं बुजविलीं आहेत. कोणी केलेल्या कामाचा बोजवारा उडविला म्हणजे 'त्यानें सगळ्यावर हरताळ फासला' असें आपण म्हणतों, तो वाक्प्रचार याच पिवळ्या पट्ट्यांतून आलेला आहे. दुकानें बंद ठेवण्याचा हरताळ मात्र निराळा. त्याचा संबंध हाट आणि ताळें यांच्याशीं लावतात. नेपाळांत तर पोथीच्या सबंध कागदालाच हरताळाचा लेप देत, कारण कीड त्याला तोंड लावीत नसे. जें किड्याला मारतें तें माणसालाही सोडीत नाहीं. हरताळ खलणारा चितारी रोज थोडें थोडें विष हाताळीत होता.

हळदीचें याच्या अगदीं उलट. ती औषधी, मंगल आणि स्वस्त. जेजुरीस भंडारा उधळला जातो तेव्हां तिच्याइतका तेजस्वी पिवळा दुसरा नसतो. पण ती टिकत नाहीं. धोतरावर वरणाचा डाग पडला म्हणजे घरांतील स्त्री तें धुऊन उन्हांत टाकते आणि डाग आपोआप फिका होतो. साबण लागतांच तोच डाग लालसर होतो, हेंही सर्वांनीं पाहिलेलें आहे. ऊन हें हळदीच्या रंगाचें शत्रु, तर क्षार त्याचें रूप पालटणारा. या दुसऱ्या गुणाचा उपयोग करूनच जुन्या पद्धतीचें कुंकू हळदीपासून तयार करीत. अशा चंचल रंगावर चितारी कसा विसंबणार?

ज्याला हरताळाचें तेज हवें, पण विष नको, आणि हळदीची झळाळी हवी, पण तिचें उडून जाणें नको, अशा चितारीला मिळालेला रंग म्हणजे पिउरी. उत्तरेकडील कांहीं चितारी यालाच गऊगोली म्हणत. मोगल आणि राजपूत चित्रांतील जो ऊबदार, जणूं आंतून उजळलेला पिवळा आपण पाहतों, तो पुष्कळदां या पिउरीचा असतो. युरोपांत ती 'इंडियन यलो' या नांवानें जाई. कलकत्त्याहून लंडनला तिचे गोळे जात. वरून मळकट, फोडले असतां आंत झळझळीत पिवळे, आणि त्यांना एक उग्र दर्प येई. हें काय असावें याविषयीं तिकडे नाना तर्क चालत. कोणी उंटाचें मूत्र म्हणे, कोणी झाडाचा चीक म्हणे. १८४४ सालीं जॉन स्टेनहाउस या रसायनशास्त्रज्ञानें पृथक्करण करून हा वनस्पतिज पदार्थ असावा असा अभिप्राय दिला.

अखेर १८८३ सालीं लंडनजवळील क्यू येथील वनस्पति-उद्यानाचे प्रमुख सर जोसेफ हूकर यांनीं हिंदुस्थानांत विचारणा केली. ती त्रैलोक्यनाथ मुखोपाध्याय यांजकडे आली. इंग्रजींत ते आपलें आडनांव मुखर्जी असें लिहीत. सरकारी नोकरींत असलेला हा बंगाली गृहस्थ पुढें 'कंकावती' या बंगाली कादंबरीचा लेखक म्हणून प्रसिद्धीस आला. कचेरींत बसून उत्तर न पाठवितां ते स्वतः मुंगेर शहरालगतच्या मिर्झापूर या वस्तींत गेले. तेथें त्यांनीं जें पाहिलें तें असें.

मिर्झापुरांतील थोडीशीं गवळी घराणीं हा धंदा करीत. त्यांच्या गाईंना आंब्याचीं पानें आणि पाणी याशिवाय बहुधा कांहीं दिलें जात नसे. दिवसांतून ठराविक वेळां त्यांना हातानें चोळून मूत्रविसर्जन करावयास लावीत, आणि या संवयीमुळें त्या गाईंना आपण होऊन तें करतांच येईनासें झालें होतें. तें मूत्र मातीच्या भांड्यांत धरून संध्याकाळीं विस्तवावर ठेवीत. उष्णतेनें पिवळा अंश खालीं बसे. तो फडक्यांतून गाळून, हातानें गोळे वळून, आधीं निखाऱ्यावर व नंतर उन्हांत वाळवीत. एका गाईपासून दिवसाकाठीं सरासरी तीन क्वार्ट मूत्र मिळे आणि त्यांतून रंग निघे तो अवघा दोन औंस. गाई अतिशय रोड व रोगट दिसत होत्या, असें मुखर्जींनीं नमूद केलें आहे. या गवळ्यांचे इतर जातभाई त्यांना गाईंचे घातकी समजून तुच्छ लेखीत. मुखर्जींनीं हा वृत्तांत रंगाच्या नमुन्यांसह विलायतेस पाठविला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत पिउरी बाजारांतून नाहींशी झाली.

आतां या कथेचा दुसरा भाग ऐका. त्यांत माझाही थोडा अपराध आहे. २००२ सालीं व्हिक्टोरिया फिनले या इंग्रज लेखिकेनें रंगांच्या इतिहासावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. ती स्वतः मिर्झापुरास जाऊन आली होती. तेथें कोणालाच पिउरीची आठवण नव्हती. गाईंच्या छळामुळें कायद्यानें हा धंदा बंद झाला असें सांगत. तसा कायदाही तिला दप्तरांत सांपडला नाहीं. सर्व हकीकत मुखर्जींच्या एकट्याच्या पत्रावर उभी आहे, तेव्हां ती कितपत खरी, असा संशय तिनें प्रकट केला. हें वाचून मींही वर्गांत मोठ्या ऐटीनें सांगितलें कीं, एकाच साक्षीदाराच्या शब्दावर इतिहास उभारूं नये. गाईंची ही गोष्ट बहुधा भाकडकथा असावी. त्यावर मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला. त्याच्या घरीं गाईम्हशी होत्या. तो म्हणाला, "गुरुजी, गाईला जें खायला घालावें तें तिच्या मुतांत उतरतंच कीं." वर्ग हंसला. मीं त्याला "पुरावा काय?" असें विचारून खालीं बसविलें.

पुरावा पुढें मिळाला. मुखर्जींनीं पाठविलेले नमुने क्यू येथें जपून ठेवलेले होते. संशोधकांनीं आधुनिक साधनांनीं त्यांची परीक्षा केली व तिचे निष्कर्ष २०१९ सालीं प्रसिद्ध झाले. त्या रंगांत पिउरीचें मुख्य द्रव्य तर होतेंच, पण त्याबरोबर गाईसारख्या खुरी प्राण्यांच्या मूत्राची खूण असलेलें हिप्पुरिक आम्लही मिळालें. आंब्याच्या पानांतील द्रव्य गाईच्या यकृतांत पालटून मूत्रावाटें रंगद्रव्य होऊन कसें बाहेर पडतें, याचीही संगति लागली. तात्पर्य, मुखर्जी खरें सांगत होते. साक्षीदार एकच होता, पण तो जागेवर जाऊन डोळ्यांनीं पाहून आलेला होता. आणि संशय घेण्यापूर्वीं त्याचें मोल मीं केलें नव्हतें. तो विद्यार्थी आतां कोठें आहे हें मला ठाऊक नाहीं. तो हें वाचील किंवा ऐकील तर त्याच्या गुरुजींची चूक झाली होती, एवढें त्याला कळावें.

पिउरी मागें पडली त्यापूर्वींच युरोपांत रसायनाचा पिवळा अवतरला होता. १७९७ सालीं फ्रान्समधील व्होकलँ यानें सैबेरियांतील एका तांबड्या खनिजांतून क्रोमियम ही धातु शोधून काढली. तिचा शिशाशीं संयोग करून जो रंग होतो तो क्रोम पिवळा. तो स्वस्त होता, झगझगीत होता आणि हवा तेवढा मिळत होता. व्हॅन गॉगनें १८८८ सालीं आर्ल गांवीं सूर्यफुलें रंगविलीं तीं याच रंगानें. पण त्याच्या चित्रांतील कांहीं पिवळा काळपट होत चालला आहे, आणि तो प्रकाशामुळें क्रोमियमच्या रूपांत होणाऱ्या बदलाचा परिणाम आहे, हें २०११ सालीं सिद्ध झालें. शिवाय या रंगांत शिसें आहे, म्हणजे पुन्हा विषच.

हें विष चित्राच्या चौकटींत राहिलें असतें तर मीं आपला वेळ घेतला नसता. परंतु तें स्वयंपाकघरांत शिरलें. बांगलादेशांत १९८० च्या दशकांत मोठ्या पुरानें हळद भिजून निस्तेज झाली, तेव्हां कांहीं व्यापाऱ्यांनीं हळकुंडांवर क्रोम पिवळ्याची पूड चढविण्यास आरंभ केला. गिऱ्हाईक पिवळीधमक हळद पाहून खूष होई. पुढें तेथील खेड्यांत गरोदर स्त्रियांच्या रक्तांत शिसें सांपडूं लागलें. तें कोठून येतें याचा माग काढतां काढतां संशोधक हळदीच्या बरणीपाशीं येऊन पोंचले. २०१९ सालीं हें उघडकीस आल्यावर तेथील सरकारनें व्यापाऱ्यांवर कारवाई केली व लोकांस सावध केलें. त्या वर्षीं बाजारांतील हळदीच्या नमुन्यांपैकीं शेंकडा ४७ भेसळीचे होते. २०२१ पर्यंत तपासलेल्या नमुन्यांत असा एकही उरला नाहीं. मनावर घेतलें तर दोन वर्षांत काय होऊं शकतें, याचें हें उदाहरण आहे.

'पी हळद आणि हो गोरी' ही म्हण आपण उतावळ्या माणसाला लावतों. मला वाटतें, ती पिवळ्या रंगाच्या सबंध इतिहासालाही लागू पडते. निसर्गानें दिलेली माती मळकट वाटली, हळद उडून जाते म्हणून खटकली. मग अधिक तेजासाठीं कोठें चितारी विष खलूं लागला, कोठें गाय आंब्याच्या पानांवर रोड झाली, कोठें एखाद्या मातेच्या उदरांतील मुलाला शिसें पोंचलें. तेज पाहणारा एक आणि मोल देणारा दुसरा, असें पुनःपुन्हा घडलें.

माझ्या नातीनें त्या दिवशीं निवडलेला धागा कोणता होता, हें सांगावयाचें राहिलें. तो हळदी होता, झगझगीत नव्हे, थोडा फिकाच. मीं कारण विचारलें तेव्हां ती म्हणाली, "आजोबा, आपल्या अंगणांतली शेवंती एवढीच पिवळी आहे." आतां हळद आणावयास गेलों म्हणजे मीही हाच न्याय लावतों. पुडीवरून नजर हलूं नये इतकी ती पिवळी दिसली, तर मी ती खालीं ठेवतों आणि शेजारची, जरा मंद रंगाची उचलतों.