कनातीच्या आतल्या बायका

गावच्या जत्रेला तमाशा यायचा, तेव्हा आम्ही बायका अंगणात बसून नुसती ढोलकी ऐकायचो. कनातीत जायचे ते पुरुष. आत रात्रभर काय चालायचं? आधी गण, मग गौळण, त्यात मावशीची थट्टामस्करी, पुढे बतावणी, लावण्या आणि शेवटी पहाटेपर्यंत वग. देवाचं नाव, विनोद, नाच, नाटक, सगळं एकाच तिकिटात.

पेशवाईत ही कला बहरली. पण बाईचं सोंग पोरगेच घेत. त्यांना नाच्या पोऱ्या म्हणत. पुढे पवळा हिवरगावकर पठ्ठे बापूरावांच्या फडात उभी राहिली आणि बाईचं काम बाई करू लागली. बापूराव ब्राह्मण, पवळा महार. लोकांनी नावं ठेवली, आणि तिला बघायला गर्दीही लोकांनीच केली.

मग विठाबाई नारायणगावकर. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या. कळा आल्या, पडद्यामागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या, ही हकिगत आजही सांगतात. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला, तरी २००२ साली गेल्या तेव्हा हलाखीच होती.

उतरण कशी लागली? १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्यात १३१ आठवडे चालला. लावणी पडद्यावर गेली. मग घरोघरी टीव्ही आला. प्रेक्षक सिनेमाची गाणी मागू लागले, वग आखडला. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, म्हणजे पहाटेचा वग गेलाच. ट्रक, जनरेटर, डिझेल, एवढ्या माणसांचं जेवण, यासाठी फडमालक उचल घेतात, आणि पाऊस आला की कर्ज अंगावर पडतं. करोनात तर जत्राच बंद होत्या.

तरी पाडव्याच्या सुमारास नारायणगावात राहुट्या लागतात. गावोगावची पंचमंडळी येऊन सुपारी ठरवतात.

आम्हाला एक गोष्ट लागते. या बायकांनी नाचून अख्खी घरं पोसली, भावंडांची लग्नं केली. आपण मात्र त्यांना ‘तसली’ म्हणून मोकळ्या झालो. शिट्ट्या मारणाऱ्यांना कोणी काही म्हटलं नाही.

येत्या जत्रेला आम्ही ठरवलंय, तिकीट काढून पुढच्या रांगेत बसायचं. तुम्हीही या. समोर बायका बसल्या की फडाची अदबही बदलते आणि प्रेक्षकांचीही.