प्रवाळाच्या टाकीतला रत्नमासा: शेवाळ, तांबं आणि दोनशे वर्षांची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? आजचा इतिहास लढायांचा नाही, काचेच्या टाकीतल्या समुद्राचा आहे. आणि सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

तीन वर्षांपूर्वी पगार वाढला तेव्हा मी घरी खाऱ्या पाण्याची टाकी केली. दगडांवर हिरवं शेवाळ चढायला लागलं, म्हणून शेवाळ खाणारा एक सर्जनफिश आणला आणि पिशवीतून थेट टाकीत सोडला. टेस्टिंग न करता कोड प्रॉडक्शनला टाकावा, अगदी तसं! चौथ्या दिवशी अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके आले, आठव्या दिवशी मासा गेला. दोष माझाच होता. पण हीच चूक लोकांनी आधी किती वेळा केली असेल, हे शोधायला लागलो आणि या एपिसोडचा विषय मिळाला.

चला १८४६ मध्ये. लंडनच्या ॲना थाइन नावाच्या बाईंनी समुद्रकिनाऱ्यावरून छोटी प्रवाळं आणली आणि घरी बरणीत ठेवली. पंप नाही, वीज नाही. मग पाण्यात हवा कशी मिसळायची? उघड्या खिडकीपाशी उभं राहून पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत राहायचं. पुढे त्यांनी पाण्यात समुद्री वनस्पतीही ठेवल्या, कारण त्या ऑक्सिजन देतात. म्हणजे बघा, या गोष्टीच्या सुरुवातीला शेवाळाची मंडळी आपली मित्र होती. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं आणि टाक्यांची हौस पसरली.

मग मैत्री बिघडली कुठे? १९६१ मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी आपली पद्धत एका अमेरिकन मासिकात मांडली: समुद्रातले जिवंत दगड, समुद्राचंच पाणी आणि थोडे हवेचे बुडबुडे. दगडांतले जिवाणू घाण पचवतात. पुढे युरोपातल्या हौशी लोकांनी यात प्रखर दिवे आणि चांगले फिल्टर आणले, आणि घरात प्रवाळ वाढू लागलं. पण प्रवाळाला लागणारा प्रकाश शेवाळालाही आवडतो. वरून माशांच्या खाण्याचं खत! थोडं दुर्लक्ष झालं की शेवाळ प्रवाळावर पांघरुणासारखं बसतं.

खऱ्या समुद्रातही हेच घडलं. १९८३ मध्ये पनामाजवळ काळे काटेरी समुद्री साळिंदर, म्हणजे सी-अर्चिन, कसल्याशा रोगाने मरू लागले. साधारण वर्षभरात साथ जवळपास सगळ्या कॅरिबियन समुद्रात पसरली. जमैकात शेवाळ खाणारे मासे अतिमासेमारीने आधीच कमी झाले होते, वादळांनी प्रवाळ मोडलं होतं. उरलेला राखणदारही गेला. १९७७ मध्ये तिथे सुमारे ५२ टक्के भाग जिवंत प्रवाळाने झाकलेला होता, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला उरला ३ टक्के. म्हणून शेवाळ खाणारा मासा ही नुसती शोभेची गोष्ट नाही. तो माळी आहे.

आता या माळ्यांमधला दुर्मिळ हिरा: जेम टँग. गडद अंग, त्यावर पांढरे ठिपके, पिवळी शेपटी. १८३५ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ व्हॅलेन्सिएन यांनी मॉरिशसच्या नमुन्यावरून त्याचं वर्णन केलं आणि लॅटिनमध्ये नाव दिलं ‘रत्नजडित’. याच सुमारास, १८३४ पासून, मॉरिशसला भारतातून गिरमिटिया मजूर जाऊ लागले, पुढे त्यांत कोकणातली मराठी माणसंही होती. त्यांच्या वंशजांच्या बेटाभोवतीचा हा मासा! तो फक्त हिंद महासागराच्या पश्चिम भागात सापडतो, बहुतेकदा खोल पाण्यात. त्यामुळे पकडणं अवघड आणि किंमत शेकडो डॉलर.

एवढा महाग मासा मरतो कशाने? बहुतेकदा माझा मेला त्यानेच: पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी. सर्जनफिशना तो फार लवकर धरतो. परजीवींवर तांबं चालतं. १९५५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातल्या रॉबर्ट डेम्पस्टर यांनी माशांच्या परजीवींवर मोरचुदाचा, म्हणजे कॉपर सल्फेटचा, उपाय लिहून ठेवला. पण खरी मेख इथे आहे. ज्या तांब्याने मासा वाचतो, त्याच तांब्याने प्रवाळ, गोगलगाय, कोळंबी मरतात. मासा आत गेला आणि आजारी पडला, की टाकीत औषध घालताच येत नाही.

म्हणून उत्तर एकच: आधी वेगळी टाकी. नवा मासा निदान महिना-दीड महिना क्वारंटाइनमध्ये, गरज पडली तर औषध तिथेच, तांब्याचं प्रमाण टेस्ट किटने रोज मोजून. मुख्य टाकीत रोग शिरलाच, तर सगळे मासे बाहेर काढून ती अडीच महिने रिकामी ठेवायची. यजमान नसला की परजीवी उपाशी मरतो.

बाकीचं सोपं आहे. टाकी लांब हवी, सहा फूट तरी, कारण हा मासा दिवसभर पोहतो. रोज नोरी द्यायची, तीच सुशीची. टाकीतलं शेवाळ पोटाला पुरत नाही. त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा टँग शक्यतो नको. शेपटीजवळ सुरीसारखा काटा असतो, भांडण झालं तर जखमा ठरलेल्या. आणि तो काटा जाळीत अडकतो, म्हणून जाळीऐवजी डब्याने पकडायचं.

आता शेवटचा प्रश्न: समुद्रातून आणावाच का? २०१५ मध्ये हवाईच्या ओशनिक इन्स्टिट्यूटने पिवळ्या टँगची पिल्लं टाकीत वाढवून दाखवली. अनेक वर्षं अडलेलं कोडं होतं पिल्लांच्या पहिल्या घासाचं. इवल्याशा तोंडात मावेल असं अन्न हवं होतं, ते मिळालं कोपेपॉड नावाच्या सूक्ष्म जीवांच्या पिल्लांत. २०१६ मध्ये फ्लोरिडात डोरीच्या जातीचा निळा टँगही असाच वाढवला गेला. पर्याय असेल तर टाकीत जन्मलेलाच मासा घ्या. आणि मालवणला समुद्रात उतरलात तर प्रवाळाचा तुकडा उचलू नका; २००१ पासून प्रवाळाला आपल्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

माझी टाकी? शेजारी आता एक साधी, रिकामी दिसणारी छोटी टाकी आहे. पाहुणे विचारतात, यात काय ठेवणार? मी म्हणतो, धीर.