बल्ब पेटवायचा मान कुणाचा?

थोडं मोठं लिहितोय, पण घरात शाळेत जाणारं पोर असेल तर शेवटपर्यंत वाचा.

दहावीच्या प्रयोगशाळेची तुमची आठवण काय आहे? माझी अशी: एक टेबल, भोवती चाळीस मुलं आणि सर सर्किट जोडतायत. पुढे उभ्या असलेल्या दोघातिघांना तारेला हात लावायला मिळाला. मागच्यांना, त्यात मुलीच जास्त, बल्ब पेटला हे नुसतं ऐकू आलं. मग सगळ्यांनी जर्नलमध्ये आकृती उतरवून काढली. निष्कर्ष सगळ्यांचा सारखा, मार्कही जवळपास सारखे. पण प्रयोग तिघांनीच केला होता.

हे आठवायचं कारण म्हणजे सध्या जिकडेतिकडे ऐकू येणारा 'डिजिटल शाळा' हा शब्द. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात आभासी प्रयोगशाळांचा उल्लेख आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये ठरवलेल्या शाश्वत विकास ध्येयांपैकी चौथं ध्येय सर्वसमावेशक आणि दर्जेदार शिक्षणाचं आहे. शब्द चांगलेच आहेत. पण संगणकावर प्रयोग करायची कल्पना आली कुठून आणि ती कुणापर्यंत पोचली, हा इतिहास माहीत नसला की आपण नुसती खरेदीची बिलं मोजत बसतो.

सुरुवात बरीच जुनी आहे. १९६० मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांनी 'प्लेटो' ही संगणकावरून शिकवायची यंत्रणा उभी केली. १९६७ मध्ये सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी 'लोगो' ही भाषा तयार केली. त्यातलं कासव पुढेमागे हलवत मुलं भूमिती शिकायची. संगणकाने मुलाला नाचवण्यापेक्षा मुलाने संगणकाला नाचवावं, असं पॅपर्ट यांचं म्हणणं. पुढचा सगळा वाद याच एका मुद्द्याभोवती फिरतो.

आपल्याकडे १९८४ मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' प्रकल्प आणला. सुरुवातीला देशभरातल्या अडीचशेच्या आसपास शाळांना ब्रिटिश बनावटीचे बीबीसी मायक्रो संगणक मिळाले. एवढ्या मोठ्या देशात अडीचशे शाळा! वरच्यांना शिकवा, खाली आपोआप झिरपेल, या धोरणावर जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे कडाडून टीका केली होती. शंभर वर्षांनी संगणकाच्या बाबतीत आपण त्याच रस्त्याने निघालो होतो.

आता मुख्य गोष्ट. कार्ल वीमन या भौतिकशास्त्रज्ञाला २००१ मध्ये एरिक कॉर्नेल आणि वोल्फगांग केटर्ले यांच्यासोबत नोबेल मिळालं. अतिशीत अणूंवरचं काम, शाळेशी काही संबंध नाही. पण या माणसाने बक्षिसाच्या रकमेतला काही भाग घालून २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात 'फेट' नावाचा प्रकल्प सुरू केला. उद्देश साधा: विज्ञानाच्या संकल्पना मुलांनी स्वतः हलवून, ओढून, बिघडवून बघाव्यात. आणि हे सगळं फुकट.

त्यातला विद्युत मंडलाचा संच एकदा उघडून बघाच. बल्ब, सेल, तारा उचलून जोडायच्या. तारेतून इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात, जे खऱ्या तारेत कुणालाच दिसत नाहीत. सेलची दोन्ही टोकं तारेने थेट जोडली तर पडद्यावर जाळ उठतो. कुणी भाजत नाही, सेल फुकट जात नाही, सर ओरडत नाहीत. पुन्हा जोडा.

"पण हे खोटं खोटं ना?" ही शंका रास्त आहे. २००५ मध्ये नोआ फिंकेलस्टीन आणि सहकाऱ्यांनी कोलोरॅडोतच तपासून पाहिलं. विद्यार्थ्यांच्या एका गटाने खरी उपकरणं वापरली, दुसऱ्याने हे सिम्युलेशन. नंतर दोघांनाही खरं सर्किट जोडून ते कसं चालतं हे समजवायला सांगितलं. सिम्युलेशनवाला गट खऱ्या तारांच्या कामातही पुढे निघाला. हा निकाल एका विषयापुरता, एका अभ्यासक्रमापुरता आहे. तो दाखवून प्रयोगशाळेच्या खोलीला कुलूप लावायला कुणी निघालं तर ती लबाडी होईल. ॲसिडचा वास, तापमापीची चूक, हाताला बसणारा चटका हे पडद्यावर मिळत नाही.

आणि 'सर्वसमावेशक'? तो गुण जन्मजात नव्हता. सुरुवातीची सिम्युलेशन्स डोळ्यांनी बघायची आणि माउसने ओढायची. म्हणजे अंध मूल बाहेर, हात नीट न चालणारं मूल बाहेर, इंग्रजी न येणारं मूलही बाहेर. मागे उभं राहणाऱ्यांची नवी रांगच तयार झाली म्हणा ना. हे दुरुस्त करायला कित्येक वर्षं गेली. हळूहळू काही सिम्युलेशन्स नुसत्या कीबोर्डवर चालू लागली, बदल आवाजातून कळू लागले, पडद्यावर काय घडतंय याचं वर्णन वाचून दाखवलं जाऊ लागलं. स्थिर विद्युत शिकवणाऱ्या एका सिम्युलेशनमध्ये एक माणूस गालिच्यावर पाय घासतो आणि दाराच्या मुठीकडे हात नेतो. तो झटका आता न बघताही समजतो. भाषांतरं जगभरातल्या स्वयंसेवकांनी केली. त्यात मराठीही आहे.

मध्ये एक मोठा खड्डाही आला. जुनी सिम्युलेशन्स जावा आणि फ्लॅशवर बांधलेली. ब्राउझरांनी जावा बंद केलं, ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधारही संपला. फेटने त्याआधीच एचटीएमएल५ मध्ये पुनर्बांधणी सुरू केली होती, म्हणून ती मोबाइलवरही चालतात. आता आपल्या शाळांच्या कपाटात पडलेल्या शैक्षणिक सीडी आठवा. एकदा विकत घेतलं आणि विषय संपला, असं या क्षेत्रात कधीच नसतं.

आपल्या जवळचं उदाहरण घ्या. २००६ मध्ये केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक योजनेला नकार दिला. तरी २००७ मध्ये कर्जत परिसरातल्या खैराट या छोट्या वस्तीत, एकशिक्षकी शाळेत, त्या योजनेचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. वस्तीतली शाळा, तरी प्रत्येक पोराच्या हातात स्वतःचं यंत्र! पण तो एक प्रायोगिक प्रकल्पच होता. खैराटसारख्या बाकीच्या वस्त्यांवर ते यंत्र पोचलं नाही.

मग आपण काय करायचं? शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. पुढच्या बैठकीत तीन साधे प्रश्न विचारा. एक: संगणक किंवा टॅब आठवड्यात किती वेळ मुलांच्या हातात असतो, की तो फक्त सरांच्याच हातात असतो? दोन: नेट नसेल तेव्हा काय? (फेटची सिम्युलेशन्स उतरवून घेऊन नेटशिवाय चालतात, हे शाळेला सांगा.) तीन: वर्गातल्या दिव्यांग मुलाने यातलं काय वापरलं? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समावेशक शिक्षण ही शाळेची जबाबदारी आहे, उपकार नाही.

कुणी म्हणेल, आधी शाळेचं गळकं छप्पर बघा. बरोबर आहे, तेही विचाराच. पण छप्पर दुरुस्त होईपर्यंत मागच्या रांगेतली मुलगी दहावी होऊन गेलेली असते. आपल्या वेळी तिला बल्ब पेटल्याचं फक्त ऐकू आलं होतं. आता तिच्या मुलीला तो स्वतः पेटवता येईल एवढी सोय जगात फुकट पडलेली आहे. ती तिच्या हातात पडते की नाही, एवढंच बघायचंय.

तुमच्या गावच्या शाळेत काय चित्र आहे, खाली लिहा. शिक्षक मित्रांनी तर नक्की लिहा.