कळलावी : एका नांवाचा इतिहास

पालघर जिल्ह्यांतील जव्हार-मोखाड्याच्या डोंगरउतारांवरून पावसाळ्यांत जातांना झुडपांवर चढलेलें एक फूल आमची दृष्टि वेधून घेतें. त्याच्या पाकळ्या ज्वालांप्रमाणें वर वळलेल्या, बुडाशीं पिवळ्या व शेंड्याशीं लाल. पाऊस सरला कीं वेल सुकते. कंद मात्र भूमींत जिवंत राहून पुढल्या वर्षीं पुन्हा फुटतो. ही कळलावी होय.

तिचीं बहुतेक नांवें रूपावरून पडलीं आहेत. संस्कृतांत ती अग्निशिखा. कंद नांगरासारखा म्हणून लांगली. कोंकणांत तिच्या फुलांना गौरीचे हात म्हणतात. लिनियसनें १७५३ सालीं दिलेल्या ‘ग्लोरिओसा सुपर्बा’ या नांवांतही तिच्या वैभवाचेंच कौतुक आहे.

मराठी नांव मात्र निराळें. प्रसूति अडली असतां कळा याव्यात म्हणून तिच्या कंदाचा लेप बेंबीवर किंवा तळपायांवर लावीत. त्यावरून ती कळलावी. हें नांव कोणा पंडितानें नव्हे, तर बाळंतिणीपाशीं रात्र जागविणाऱ्या सुइणीनें ठेविलें असावें, असें आम्हांस वाटतें. जव्हारचें मुकणे घराण्याचें संस्थान चौदाव्या शतकापासून १९४८ पर्यंत टिकलें. त्या राजांची वंशावळ आपणांस ठाऊक आहे. या सुइणींचा इतिहास असल्या एखाद्या शब्दांतच काय तो उरला आहे.

पुढें ‘कळ’ शब्दाचा दुसरा अर्थ त्यास चिकटला, आणि ही वेल घरीं लावल्यास भांडणें होतात असा समज रूढ झाला. समज खोटा, पण दाराशीं मुलें खेळत असतां ती नसलेलीच बरी. कारण तिच्या कंदांत व बियांत कोल्चिसीन नांवाचें द्रव्य असतें. अत्यल्प मात्रेंत तें संधिवाताच्या एका प्रकारावर औषध ठरतें; मात्रा थोडी चुकली कीं प्राण घेतें. आयुर्वेदानेंही तिला उपविषांत गणून शोधनावांचून वापरूं नये असें बजाविलें आहे.

म्हणून जुन्या ज्ञानाचा आदर करावा, पण त्याच्या भरंवशावर बाळंतीण सोडूं नये. आडवळणाच्या पाड्यांत सुइणीनें लेप हातीं घेतला तो जवळ दुसरा उपाय नव्हता म्हणून. आज उपाय आहे. तो भर पावसांत त्या पाड्यापर्यंत पोहोंचविणें, हेंच त्या अनाम स्त्रियांचें खरें ऋण फेडणें होय.