बिनखात्याचा सेफ्टी

ईए स्पोर्ट्सच्या 'कॉलेज फुटबॉल २५' या व्हिडिओ गेममध्ये संघाची यादी उघडली की प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे त्याची जागा दिसते. लाइनबॅकर, कॉर्नरबॅक, सेफ्टी. एका माणसाला एकच जागा, रेशनकार्डावर नाव एकाच घरात असावं तशी. आयोवा स्टेट विद्यापीठाचा खराखुरा बचाव इथे उभा करायला बसलेल्याचं घोडं पहिल्यांदा अडतं ते इथेच. कारण त्या बचावाचा जीव ज्याच्यात आहे, तो मधला सेफ्टी अर्धा लाइनबॅकर आहे. मंत्रिमंडळात बिनखात्याचा मंत्री असतो तसा. फरक एवढाच, की याला काम भरपूर.

अमेरिकन फुटबॉलमध्ये बचावाला अकरा जण. पुढे आडदांड लाइनमन, त्यांच्या मागे लाइनबॅकर, सगळ्यांत मागे चपळ, हलक्या अंगाचे कॉर्नरबॅक आणि सेफ्टी. बचावाचं नाव याच क्रमाने पडतं. ४-३ म्हणजे चार लाइनमन, तीन लाइनबॅकर; मागचे चार न सांगता समजून घ्यायचे. या हिशेबात न बसणारा माणूस आला कुठून?

त्याचं कूळ शोधत गेलं तर वाट मैदानावर आखलेल्या रेघांपाशी पोचते. मैदानाची रुंदी १६० फूट. १९६०च्या दशकात कॉलेजच्या मैदानावर दोन तुटक रेघा या रुंदीचे तीन सारखे भाग करत. चेंडू एका रेघेवर ठेवला की पलीकडे दोन तृतीयांश मैदान मोकळं. ते राखायला आर्कान्सा विद्यापीठाचे प्रशिक्षक फ्रँक ब्रॉइल्स यांनी एक माणूस मोकळा सोडला, त्याचं नाव 'मॉन्स्टर'. १९६४ साली ब्रॉइल्स यांचा संघ एकही सामना हरला नाही. इतरत्र याच माणसाला 'रोव्हर' म्हणत. नाव राक्षसाचं, काम मात्र गावच्या जागल्याचं: जिकडे चाहूल, तिकडे धाव.

व्यावसायिक फुटबॉलमधले प्रशिक्षक बडी रायन यांच्या '४६' या बचावाचा ४-३सारख्या आकड्यांशी उगाच घोळ होतो. तो आकडा रचनेचा नाहीच. शिकागो बेअर्सचा सेफ्टी डग प्लँक याच्या जर्सीवरचा तो क्रमांक. १९८५च्या हंगामात ज्या बचावाने अजिंक्यपद आणलं, त्याला नाव प्लँकचं, पण तोवर प्लँक संघातून गेलेला होता.

माझ्या मते आजच्या संकरित बचावाची खरी आई म्हणजे टंचाई. तगडी पोरं बड्या विद्यापीठांच्या वाट्याला जातात; उरलेल्यांनी काय करायचं? प्रशिक्षक जो ली डन यांनी आणि पुढे न्यू मेक्सिकोत रॉकी लाँग यांनी ३-३-५ खेळवलं, म्हणजे मागे चाराऐवजी पाच; लाइनमन कमी, धावणारे जास्त. टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठात गॅरी पॅटरसन यांनी ४-२-५ हीच घरची रीत केली, तीन सेफ्टी कायमचे. १ जानेवारी २०११च्या रोझ बोल सामन्यात त्यांच्यासमोर विस्कॉन्सिनचे धिप्पाड लाइनमन होते. शेवटची दोन मिनिटं उरलेली, गुणफलक २१-१९, आणि विस्कॉन्सिन बरोबरीच्या दोन गुणांसाठी पास टाकतं. टँक कार्डर या लाइनबॅकरने उंच उडी मारून चेंडू हाताने खाली पाडला. टेक्सास ख्रिश्चनचा हंगाम १३-० असा संपला.

तोवर आक्रमणही बदललं होतं. पास झेलणारे चार-चार रिसीव्हर मैदानभर पसरायचे आणि दोन डावांमध्ये उसंतच द्यायची नाही. कॉलेजच्या नियमाप्रमाणे आक्रमणाने खेळाडू बदलला तरच बचावाला बदलायला वेळ मिळतो. त्यांनी बदललाच नाही तर? धाव अडवणारा आणि पास अडवणारा एकाच अंगात असलेला माणूस आधीपासून मैदानावर हवा. ७ ऑक्टोबर २०१७ रोजी आयोवा स्टेटने तिसऱ्या क्रमांकावरच्या ओक्लाहोमाला त्यांच्याच मैदानावर ३८-३१ हरवलं. बचावाचे प्रशिक्षक जॉन हीकॉक यांनी तीन सेफ्टी मागे ठेवले होते. लाइनबॅकर होता जोएल लॅनिंग, आदल्या वर्षीपर्यंतचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणात पास टाकणारा. त्या दिवशी तो आक्रमणात आणि बचावात, दोन्हीकडे खेळला!

गेमची वंशावळ वेगळी. ईएचे ट्रिप हॉकिन्स संगणकाला झेपेल म्हणून कमी खेळाडूंवर भागवणार होते. ज्यांच्या नावाने गेम निघायचा होता ते माजी प्रशिक्षक जॉन मॅडन अकराच्या खाली यायला तयार नव्हते. १९८८ साली मॅडन यांचा गेम आला तो अकरा जणांचाच. १९९३ साली प्रशिक्षक बिल वॉल्श यांच्या नावाने कॉलेजचा गेम आला. ही मालिका २०१३ साली थांबली, कारण खेळाडूंची छबी फुकट वापरल्याबद्दल खटले उभे राहिले. १९ जुलै २०२४ रोजी गेम परतला तेव्हा छबी वापरायला परवानगी देणाऱ्या प्रत्येक खेळाडूला ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत मिळाली. आयोवा स्टेटचा बचाव जन्मला तो नेमका याच अकरा वर्षांच्या खंडात.

या परतलेल्या गेममध्ये ३-३-५ आहे, ४-२-५ही आहे. पण सेफ्टीला लाइनबॅकरच्या ओळीत टाका, तर सरळ मधून येणाऱ्या धावेवर समोरचा लाइनमन त्याला ढकलत नेतो. लाइनबॅकरला मागे पाठवा, रिसीव्हर त्याच्या शेजारून निघून जातो. शिवाय संगणक प्रत्येकाला डावागणिक एकच हुकूम देतो: हा टापू राख, याच्या मागे लाग किंवा थेट चढाई कर. खरा मधला सेफ्टी हुकमाआधी समोरच्या लाइनमनचं पहिलं पाऊल बघतो. ते पुढे रेटत आले तर धाव, म्हणून तो खाली झेपावतो. उभे राहून मागे सरले तर पास, म्हणून तोही मागे.

हे जमवायला खेळणाऱ्यांनी काढलेला तोडगा साधा आहे. बाकीचे दहा जण संगणकावर सोडायचे आणि हा एक स्वतःच्या हातात ठेवायचा. यादीत त्याच्या नावापुढे तेव्हाही 'सेफ्टी' एवढंच लिहिलेलं असतं.