सदस्य परिचय विभागाची सजावट (जँगो)

सदस्य परिचय विभाग हा वेब उपयोजनातील सदस्याचे नाव, छायाचित्र, गाव इत्यादी माहिती दर्शवणारा भाग होय. जँगो ही पायथन भाषेतील चौकट २००५ मध्ये सार्वजनिक झाली. तिच्यात माहिती पायथनकडून येते, साचा तिला एचटीएमएलचे रूप देतो आणि रंग, टंक, अंतर या बाबी सीएसएस ठरवते. सदस्याच्या मूळ नोंदीत छायाचित्राची सोय नसल्याने त्यासाठी वेगळे प्रारूप जोडावे लागते.

देवनागरी मजकूर

इंग्रजीसाठी केलेली सजावट मराठीस जशीच्या तशी चालत नाही. अक्षरांतील अंतर वाढवल्यास शिरोरेषा तुटते. ओळीची उंची फार कमी ठेवून बाहेरचा भाग झाकल्यास 'डहाणू'चा दीर्घ उकार कापला जातो. पानाची भाषा मराठी असल्याचे एचटीएमएलमध्ये नोंदवले नसेल, तर मराठी वळणाची सोय असलेल्या टंकांतही 'तलासरी'तील ल बहुधा हिंदी वळणाने उमटतो.

छायाचित्राच्या अभावी नावाचे आद्याक्षर वर्तुळात दाखवण्याची रीत आहे. येथे दोष सीएसएसचा नसतो. पायथन अक्षरे नव्हे, तर युनिकोड संकेतांक मोजते आणि तिच्या लेखी 'श्री' हे चार घटक आहेत. 'श्रीधर' या नावाचा पहिला घटक घेतल्यास 'श' उरतो, दोन घेतल्यास पाय मोडलेला 'श्'. म्हणून अक्षरसमूह ओळखणारी स्वतंत्र लायब्ररी वापरतात किंवा वर्तुळात साधे चिन्ह ठेवतात.