सहा वाजता हजार डॉलर

बेन हेक्टची अट सरळ होती. रोज संध्याकाळी सहा वाजता 1000 डॉलर रोख हातात पडायला हवेत. पडले तर उद्या काम पुढे, नाही पडले तर तिथेच रामराम. समोर होता हॉवर्ड ह्यूज, बापाच्या कारखान्याच्या पैशावर सिनेमे काढणारा तरुण. हेक्टचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. ह्यूजला शिकागोच्या गुंडांवरचा सिनेमा हवा होता. तो ‘स्कारफेस’ आपण 11 दिवसांत लिहून दिला, असं हेक्टने 1954 साली आलेल्या आत्मचरित्रात सांगितलं आहे.

नव्या पटकथालेखकांना हुरूप यावा म्हणून हा किस्सा सांगतात. पण सांगताना त्यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग निसटतो. पैसे दिवसावर होते. हेक्ट रेंगाळला असता, एकेका वाक्यावर दुपार घालवली असती, तर दर दिवसामागे हजार डॉलर वाढले असते. तरी त्याने काम 11 दिवसांत उरकलं, कारण त्याला दुसऱ्या तऱ्हेने लिहिताच येत नव्हतं. ती सवय त्याने सिनेमात यायच्या कितीतरी आधी, शिकागोच्या वर्तमानपत्रांत उचलली होती.

मी दैनंदिन मालिकांचे संवाद लिहिते. आज लिहिलेला प्रसंग परवा गोरेगावच्या सेटवर उभा राहतो. आठवडाभराच्या तयार भागांची बँक हाताशी नसेल, तर सकाळी पाठवलेलं पान दुपारी नटाच्या हातात असतं. त्यामुळे पहिला खर्डा भरभर लिहिणाऱ्यांचा इतिहास मी करमणूक म्हणून वाचत नाही, घराण्याचा इतिहास म्हणून वाचते. आणि तो वाचून माझं ठाम मत झालं आहे, की हा वेग कुणा एका प्रतिभावंताचा चमत्कार नव्हता. ती एका धंद्याची रीत होती आणि ती दुसऱ्या धंद्यातून आली होती.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं शिकागोतलं वृत्तपत्र डोळ्यांसमोर आणा. वार्ताहर खुनाच्या जागी किंवा कोर्टात. तो टेलिफोनवरून नावं, पत्ते, वेळा सांगतो. कचेरीत बसलेला माणूस कानाला रिसीव्हर लावून बातमी थेट टाइपरायटरवर उतरवतो. पान पुरं होताच पोऱ्या ते ओढून नेतो आणि पहिलं पान खिळ्यांत जुळत असताना दुसरं लिहिलं जात असतं. इथे पहिलं वाक्य सुंदर होईपर्यंत थांबायची सोय नाही. शिवाय लिहिणाऱ्याला ठाऊक असतं, की पुढे उपसंपादक आहे, तो कापेल, जोडेल, मथळा देईल. आपलं काम बातमी उभी करण्याचं. हेक्ट या कचेऱ्यांत विशीच्या आतच शिरला. 1921 पासून ‘शिकागो डेली न्यूज’मध्ये तो शहरातल्या माणसांवर सदर लिहू लागला, तेही रोज. ज्याने वर्षानुवर्षं रोज एक माणूस कागदावर उभा केला, त्याला गुंडांच्या टोळीसाठी 11 दिवस पुरले याचं नवल वाटू नये. ती टोळी त्याने आधीच पाहून ठेवली होती.

हेक्टला हॉलिवूडला बोलावलं हर्मन मँकेविचने. तोही पत्रकारच, न्यूयॉर्कच्या नियतकालिकांतला नाट्यसमीक्षक. त्याने तार केली, की इथे पैसा पडून आहे आणि स्पर्धेला कुणी दमाचा माणूस नाही. हेक्ट आला, 1927 च्या ‘अंडरवर्ल्ड’ची कथा लिहिली आणि 16 मे 1929 ला झालेल्या पहिल्या ऑस्कर समारंभात कथेचं बक्षीस त्यालाच मिळालं. दरम्यान ऑक्टोबर 1927 मध्ये ‘द जॅझ सिंगर’ आला होता आणि पडदा बोलू लागला होता. बोलपटाला संवाद हवेत, माणसं खऱ्या आयुष्यात बोलतात तसे हवेत आणि पुढच्या आठवड्यात हवेत. असे संवाद कानात असलेली आणि मुदत पाळणारी माणसं वर्तमानपत्रांत आणि रंगभूमीवर होती. ती पश्चिमेच्या गाडीत बसली. पटकथेच्या धंद्याची घडी अशा माणसांनी बसवली, म्हणून वृत्तपत्राची घाई तिच्या हाडात आहे.

‘स्कारफेस’ची श्रेयनामावली नीट वाचली तर या रीतीचा दुसरा अर्धा भाग दिसतो. हेक्टचं नाव कथेपुढे आहे. पटकथेची बांधणी आणि संवाद यांपुढे सीटन मिलर, जॉन ली माहीन आणि डब्ल्यू. आर. बर्नेट अशी तीन नावं आहेत. म्हणजे 11 दिवसांत जे झालं ते पडद्यावरचं शेवटचं रूप नव्हतं. ते पुढच्या तिघांच्या आणि दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सच्या हाती द्यायचं बाड होतं. आपल्याकडे मालिकेच्या पाटीवर कथा, पटकथा, संवाद अशी तीन निराळी नावं येतात, त्यामागचा व्यवहार हाच. माझ्याकडे पटकथा येते तेव्हा ती परिपूर्ण नसते आणि तशी असावी अशी माझी अपेक्षाही नसते. कोण कुठून येतो, काय लपवतो, कशावर प्रसंग संपतो एवढं त्यात हवं. तेवढं नसेल तर मात्र भाषा कितीही घोटलेली असो, मला एक ओळ पुढे सरकता येत नाही.

या घाईचा सर्वांत गाजलेला आठवडा फेब्रुवारी 1939 मधला. ‘गॉन विथ द विंड’चं चित्रण सुरू होऊन काही आठवडे झाले होते. निर्माता डेव्हिड सेल्झनिकने दिग्दर्शक जॉर्ज क्युकरला काढलं, व्हिक्टर फ्लेमिंगला ‘द विझार्ड ऑफ ऑझ’च्या सेटवरून उचललं आणि चित्रण थांबवलं. फ्लेमिंगला पटकथा पसंत नव्हती. कलाकार, सेट, तंत्रज्ञ सगळे खोळंबलेले. हेक्ट सांगतो, की रविवारी पहाटे सेल्झनिक आणि फ्लेमिंगने त्याला झोपेतून उठवून नेलं. त्याने कादंबरी वाचलीच नव्हती. सेल्झनिकने तासभर गोष्ट सांगितली, ती त्याच्या डोक्यात शिरेना. तेव्हा त्याने विचारलं, या कादंबरीवर पूर्वी कुणी काही लिहिलं होतं का? सिडनी हॉवर्डने केलेला जुना खर्डा शोधून काढण्यात आला. हेक्टला तो उत्तम वाटला आणि त्याने तोच पाया धरला.

पुढचे दिवस असे गेले: सेल्झनिक आणि फ्लेमिंग प्रसंग करून दाखवत. स्कार्लेट आणि तिचा बाप सेल्झनिककडे, ऱ्हेट बटलर आणि अ‍ॅश्ली फ्लेमिंगकडे. ते पाहून झालं की हेक्ट टाइपरायटरकडे वळे. दिवसाला 18 ते 20 तास काम. जेवणाने सुस्ती येते म्हणून सेल्झनिकने जेवण बंद केलं, फक्त केळी आणि खारे शेंगदाणे ठेवले. चौथ्या दिवशी फ्लेमिंगच्या डोळ्यातली रक्तवाहिनी फुटली, पाचव्या दिवशी सेल्झनिक केळं खाताखाता कोसळला. हे सगळं हेक्टच्याच तोंडचं आहे आणि गोष्ट रंगवण्यात तो वाकबगार होता. सिनेमाचा पहिला अर्धा भाग नव्याने बांधून तो निघून गेला. पडद्यावर त्याचं नाव नाही. पटकथेचं ऑस्कर सिडनी हॉवर्डला मिळालं, पण ते घ्यायला तो हयात नव्हता. ऑगस्ट 1939 मध्ये आपल्या शेतावर ट्रॅक्टरच्या अपघातात तो गेला होता.

मला या आठवड्यात केळ्यांपेक्षा तो जुना खर्डा मोलाचा वाटतो. एवढी सगळी धावपळ शेवटी एका माणसाने आधी शांतपणे रचून ठेवलेल्या पानांवर उभी होती.

वॉर्नर ब्रदर्सच्या ‘कॅसाब्लांका’चं चित्रण 25 मे 1942 ला सुरू झालं तेव्हा पटकथा पुरी नव्हती. तीही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. मँकेविचकडे मात्र थांबायला हवं. 1940 च्या वसंतात ऑर्सन वेल्सच्या सिनेमासाठी त्याला मोजावेच्या वाळवंटात, व्हिक्टरव्हिल गावाजवळच्या एका रँचवर नेऊन ठेवलं. अपघातात मोडलेला पाय प्लॅस्टरमध्ये. दारूची सवय जबर, म्हणून शहरापासून लांब. सोबत संपादनाला आणि पहाऱ्याला जॉन हाउसमन, आणि लिहून घ्यायला रीटा अलेक्झांडर नावाची सचिव. तो पडल्यापडल्या सांगे, ती उतरवून घेई. पहिला खर्डा झाला 250 च्या पुढे पानांचा, नाव ‘अमेरिकन’. सिनेमाच्या मानाने अवाढव्य. चित्रणाला उभं राहीपर्यंत त्यातली जवळजवळ 100 पानं गळाली आणि नाव झालं ‘सिटिझन केन’. केनच्या दुसऱ्या बायकोचं आडनाव अलेक्झांडर आहे, ते या रीटाबाईंचं.

मँकेविचला हे सगळं तोंडी सांगता आलं, कारण वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्टच्या सॅन सिमिऑनच्या वाड्यातल्या पंगतींना तो पूर्वी पाहुणा म्हणून बसत आला होता. ते घर, ते यजमान, ती माणसं त्याच्यात मुरली होती. लिहिण्याचे आठवडे मोजणारे हे मुरण्याचे दिवस हिशेबात धरत नाहीत, आणि तिथेच नव्या लेखकाची फसगत होते. त्याला वाटतं, आपण 11 दिवस बसलो तरी काही होत नाही, म्हणजे आपल्यात काही नाही. खरं तर त्याने अजून पुरेशी माणसं पाहिलेली नसतात.

हाउसमन पुन्हा एकदा अशाच खर्ड्याचा साक्षीदार झाला. 1945 साली पॅरामाउंटला अ‍ॅलन लॅडचा एक सिनेमा घाईने हवा होता, कारण लॅडला लष्कराचं बोलावणं येणार होतं. रेमंड चँडलरची गोष्ट अर्धीच लिहून झाली असताना चित्रण सुरू झालं. हा ‘द ब्लू डालिया’. कॅमेरा लेखकाच्या मागे धावू लागला आणि चँडलर अडला. स्टुडिओच्या अधिकाऱ्याने त्याला वेळेत संपवल्यास 5000 डॉलर जास्तीचे देऊ केले. त्यात त्याला अपमान वाटला आणि उरलेला धीरही गेला. दारू सोडलेल्या चँडलरने हाउसमनला सांगितलं, की आता हे फक्त पिऊनच पुरं करता येईल. मग त्याने यादी दिली. दारात रात्रंदिवस दोन मोटारी, पानं नेण्यासाठी आणि डॉक्टर आणण्यासाठी. आळीपाळीने दोघी-दोघी अशा सहा सचिव. स्टुडिओशी थेट टेलिफोन. तो जेवणार नव्हता म्हणून डॉक्टर येऊन ग्लुकोजची इंजेक्शनं देत होता. सिनेमा वेळेत झाला, पटकथेला ऑस्करचं नामांकनही मिळालं. हाउसमनने हे पुढे लिहून ठेवलं आहे. लोक हा किस्सा हसत सांगतात. मला तो सांगवत नाही. पन्नाशी उलटून गेलेला, नाजूक मनाचा एक थोर लेखक तीन पाळ्यांच्या कारखान्यासारखा चालवला गेला. त्याच्या मनातला खुनीही त्याला ठेवता आला नाही, कारण डोक्याला जखम झालेला नौसैनिक खुनी दाखवायला नौदलाची हरकत होती. मुदत लेखकाला सोडवते हे मी रोज अनुभवते. पण शेवट ठाऊक नसलेल्या लेखकाला मुदत दिली तर ती त्याला भरडून काढते.

डाल्टन ट्रम्बोला तर पोटासाठी घाई करावी लागली. 1947 साली कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे त्याने उत्तरं द्यायला नकार दिला, तुरुंगात गेला, सुटल्यावर त्याच्या नावाने कुणी काम देईना. मग दुसऱ्यांच्या नावांआडून, पूर्वीच्या मानाने कवडीमोल पैशांत तो पटकथांमागून पटकथा लिहीत राहिला. ‘द ब्रेव्ह वन’ला कथेचं ऑस्कर मिळालं ते ‘रॉबर्ट रिच’ या खोट्या नावाला. ते त्याच्या हाती पडायला 1975 साल उजाडलं.

त्याच साली, 24 मार्च 1975 ला, ओहायोत महंमद अलीसमोर चक वेपनर नावाचा फारसा कुणाला माहीत नसलेला मुष्टियोद्धा जवळजवळ पंधरा फेऱ्या टिकला. ते पाहून सिल्व्हेस्टर स्टॅलोनने सुमारे साडेतीन दिवसांत ‘रॉकी’ लिहिला. हे साडेतीन दिवस जगभर गाजले. स्टॅलोन स्वतः पुढे जे सांगतो ते कमी गाजलं: त्या खर्ड्यातला थोडाच भाग शेवटपर्यंत टिकला. पहिला रॉकी जास्त रांगडा, क्रूर होता, आणि शेवटी तो ती लढत मुद्दाम सोडून देत होता. आपल्याला आज जो भला, लाजरा, कासवं पाळणारा रॉकी आठवतो, तो नंतरच्या लिखाणात सापडला. पण सापडायला आधी तो वाईट रॉकी कागदावर यावा लागला. मनातल्या मनात त्याला कुणी सुधारू शकलं नसतं. माझ्या हाताखाली लिहायला येणाऱ्या मुलामुलींना मी ‘रॉकी’तलं हेच सांगते, साडेतीन दिवसांचं नाही.

पॉल श्रेडरचा ‘टॅक्सी ड्रायव्हर’ही सुमारे दहा दिवसांत लिहिलेला. त्याआधी तो घर, नोकरी, सोबत सगळं गमावून मोटारीत राहत होता, अल्सरने रुग्णालयात पोचला होता. दहा दिवसांत उतरलं ते हे.

28 मार्च 1977 च्या ऑस्करला सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या पाच नामांकनांत ‘रॉकी’ आणि ‘टॅक्सी ड्रायव्हर’ दोन्ही होते. बक्षीस ‘रॉकी’ने नेलं. स्वतंत्र पटकथेच्या नामांकनातही स्टॅलोन होता. ते बक्षीस मात्र टीव्हीच्या बातमीकक्षांत जाऊन बसलेल्या, टिपणं काढकाढून लिहिणाऱ्या पॅडी चायेफ्स्कीला ‘नेटवर्क’साठी मिळालं. दोन्ही खर्डे आणि हा अभ्यास एकाच मतपत्रिकेसाठी पात्र ठरले होते, आणि मतदान करणाऱ्या लेखकांपैकी कुणालाही कुणाला किती दिवस लागले हे पडद्यावर दिसत नव्हतं.